सेंटरपासनं

गेल्या जानेवारीत एका शाळेच्या प्रश्नमंजूषेला मला गुणलेखक म्हणून बोलावलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशी बोलावणी येतात. अक्षर बरं, बेरीज पक्की, आणि दुपारची वेळ मोकळी. सभागृहात सतरंज्यांचा वास होता, माइक मध्येच कुरकुरत होता, आणि शेवटची फेरी खेळांची होती. प्रश्न विचारणाऱ्या सरांनी जरा आवाज चढवून विचारलं, "आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये शंभर गोलांचा टप्पा गाठणारा आफ्रिका खंडातील पहिला खेळाडू कोण?" प्रश्न मुद्दाम फसवा होता. माझ्यासमोरच्या उत्तरपत्रिकेवर टाइप केलं होतं, 'असा एकही खेळाडू नाही'. 'क' गटातली मुलगी उठली. सातवी-आठवीतली असेल. दोन घट्ट वेण्या, ढोपरावर वाळत आलेली खपली. ती म्हणाली, "पोर्शिया मोडिसे." सरांनी कागद बघितला आणि मान हलवली. चूक. ती बसली नाही. "आहे सर. साउथ आफ्रिकेची आहे. मी बघितलाय तिचा गोल. सेंटरपासनं मारलाय." मागच्या रांगेत हशा पिकला. सर म्हणाले, "ते लेडीजचं झालं. बस खाली." आणि मी 'क' गटाच्या रकान्यात शून्य लिहिलं. प्रश्न दहा गुणांचा होता. 'क' गट पाच गुणांनी दुसरा आला.

मला ते नाव माहीत नव्हतं, हे खरं. पण तिच्या आवाजावरून एवढं कळत होतं की ही मुलगी ठोकून देत नाहीये. माझ्या हातात पेन होतं. "सर, एकदा तपासून बघू या का?" एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी म्हटलं नाही. घरी येताना रिक्षात ते शून्य डोळ्यांपुढून हलेना. मी शून्य नीट गोल काढते, तोंड जुळवून. तेही तसंच काढलं होतं.

रात्री जेवण झाल्यावर फोन घेऊन बसले. नाव सापडायला अर्धा मिनिटही लागला नाही. पोर्शिया मोडिसे, दक्षिण आफ्रिका, १२४ सामने, १०१ गोल. ऑक्टोबर २०१४मध्ये तिने शंभरावा गोल केला तेव्हा आफ्रिका खंडातल्या कुठल्याही माणसाने, बाई असो की पुरुष, तिथवर मजल मारली नव्हती. आजही आफ्रिकेतला एकही पुरुष त्या आकड्याला पोचलेला नाही.

मग मी प्रश्न पुन्हा मनात म्हणून बघितला. 'खेळाडू' हा शब्द मराठीत दोघांचाही आहे. तो खेळाडू, ती खेळाडू. आपली भाषा इथे मोठ्या मनाची आहे. पण त्याच्या आधी 'गाठणारा' येतं, आणि त्या एका काना-मात्रेत दार लागतं. ज्यांनी प्रश्न काढला त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या हातून ते आपोआप लिहिलं गेलं असणार, जसं माझ्या हातून शून्य.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल शिकवावा लागत नाही. पेठेत जन्मलेल्याला आपला संघ पाटाकडील की दिलबहार हे आधी ठरवावं लागतं, बाकीचं आयुष्य मागाहून. हंगाम सुरू झाला की आमच्या घरात दुपारची जेवणं शाहू स्टेडियमच्या वेळेवर चालायची. वडील आणि भाऊ जायचे, मी आणि आई गच्चीतून आरोळी ऐकायचो, आणि आरोळीच्या लांबीवरून गोल झाला की हुकला हे आई अचूक सांगायची. गल्लीतल्या सामन्यांत मला खेळायचं होतं. मुलं म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे, तू मोज. मग बंबाखालचा कोळसा घेऊन मी शेजारच्यांच्या भिंतीजवळ उभी राहायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. भाऊ गोल करून धावत यायचा तो माझ्याकडेच, रेघ ओढली का बघायला. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर वाईटही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं हे तेव्हा कळत नव्हतं. अजूनही सांगता येईल असं नाही.

पोर्शियाचा जन्म २० जून १९८३चा, सोवेटोचा. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला काळ्या लोकांना वेगळं काढून वसवलेल्या वस्त्यांचा तो पसारा. ती जन्मली तेव्हा त्या देशात तिच्या आईबापांना मताचा हक्क नव्हता, आणि त्या देशाला जागतिक फुटबॉलमध्ये जागा नव्हती. वर्णभेदामुळे फिफाने दक्षिण आफ्रिकेला १९७६मध्ये बाहेर काढलं होतं आणि परत घेतलं ते १९९२मध्ये. पुढच्याच वर्षी, ३० मे १९९३ला, बायकांचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा मैदानात उतरला आणि त्याने शेजारच्या स्वाझीलँडला १४-० असं हरवलं. त्या संघात केप टाउनची डेझिरे एलिस होती. तिशी गाठल्यावर तिला देशाकडून पहिला सामना खेळायला मिळाला. तिशी! आपल्याकडे त्या वयात खेळाडूच्या निवृत्तीच्या बातम्या येऊ लागतात. किती बायकांचे गोल त्याआधीच्या वर्षांत भिंतींवर राहिले असतील, आणि पावसाने धुऊन गेले असतील, ते कुणी मोजलेलं नाही.

संघाला लोक 'बान्याना बान्याना' म्हणतात. पोरी, पोरी. पुरुषांचा संघ 'बाफाना बाफाना', पोरं, पोरं. हे मला फार आवडलं. दोन्ही नावांत सारखाच लाड आहे.

मोडिसे लहानपणी मुलांमध्ये खेळून तयार झाली, धुळीच्या मैदानांवर. २००० साली, वयाची सतरा वर्षं भरतात-न भरतात तोवर, ती राष्ट्रीय संघात आली. त्याच वर्षी आफ्रिकन स्पर्धा तिच्या देशात झाली. अंतिम सामना जोहान्सबर्गजवळच्या वॉस्लूरसला. नायजेरिया दोन गोलांनी पुढे गेला, तसा प्रेक्षकांचा तोल गेला आणि मैदानात बाटल्या पडू लागल्या. सामना तिथेच थांबवावा लागला आणि करंडक नायजेरियाकडे गेला. हे वाचताना मी नको ते काम केलं, मनातल्या मनात त्या प्रेक्षकांची बाजू घेतली. बाटली फेकणं वाईटच. पण बायकांच्या सामन्यासाठी लोक इतके पेटून उठले होते, हे वाचून पोटात काहीतरी हललं. शाहू स्टेडियमच्या आरोळीवर वाढलेलीला ते समजू शकतं.

पुढे ती कप्तान झाली. काही काळ डेन्मार्कच्या फोर्चुना योरिंग संघाकडून खेळली. सोवेटोची पोर डेन्मार्कच्या पार उत्तर टोकाकडच्या त्या छोट्या गावात, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात. त्या काळाबद्दल मला फार काही मिळालं नाही, म्हणून मी ते कल्पनेने भरत नाही. फक्त एवढंच वाटतं, की तिथे तिला चेंडू मारण्याचे पैसे मिळत होते, आणि घरच्या देशात बायकांसाठी तसं काही उभं नव्हतं.

मग २००८ येतं, आणि इथे मी फोन खाली ठेवून पाणी प्यायला उठले.

त्या वर्षी २८ एप्रिलला क्वाथेमा वस्तीत युडी सिमेलाने हिचा खून झाला. युडी याच संघाची, मधल्या फळीत खेळलेली, एकतीस वर्षांची. आपलं बायकांवर प्रेम आहे हे ती लपवत नसे, आणि त्यावर उघडपणे बोलत असे. तिच्यावर सामूहिक बलात्कार करून तिला भोसकण्यात आलं. पंच म्हणून पुढे जायची तिची तयारी चालली होती. दोन वर्षांनी तिच्या देशात पुरुषांचा विश्वचषक होणार होता. दोघांना शिक्षा झाली. क्वाथेमात तिच्या आठवणीसाठी एक छोटा पूल आहे. पोर्शिया मोडिसेही तशीच, आपण कोण आहोत हे न लपवणारी. केस बारीक कापलेली, चालण्यात मुलाचा डौल असलेली. फोटोत ती बघत असते ती सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात. ज्या देशाच्या राज्यघटनेने अशा माणसांना जगात सगळ्यांच्या आधी संरक्षण दिलं, त्याच देशातल्या गल्लीत त्यांना रात्री घरी पोचण्याची खात्री नव्हती. गोल मारल्यावर टाळ्या वाजवणारे हात आणि अंधारात अडवणारे हात एकाच वस्तीतले. मला या गोष्टीवर शहाणपणाचं काही बोलता येत नाही. मी तो परिच्छेद तीनदा वाचला आणि तीनदा युडीचं वय मोजलं.

त्याच वर्षी मोडिसेचा तेव्हाच्या प्रशिक्षकाशी खटका उडाला आणि ती संघाबाहेर गेली. चार वर्षं ती देशाकडून खेळली नाही. पंचवीस ते एकोणतीस. स्ट्रायकरच्या पायात जेव्हा ताकद आणि अक्कल एकत्र आलेली असते, नेमकी ती वर्षं. एका सामन्याला पाऊण गोलाहून जास्त, असा तिचा हिशेब आहे. चार वर्षांत किती झाले असते, हे बँकेतली बाई पटकन मांडू शकते. मांडलं नाही. न झालेल्या गोलांची रेघ ओढायची कुठे?

२०१२मध्ये प्रशिक्षक बदलला होता, ती परतली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या बायका पहिल्यांदाच ऑलिंपिकला पोचल्या. २५ जुलै, कॉव्हेंट्री, समोर स्वीडन. लंडनचा उद्घाटन सोहळा व्हायला अजून दोन दिवस होते. बायकांचं फुटबॉल आधीच सुरू झालं होतं. एकविसाव्या मिनिटाला स्वीडन ३-० पुढे. अशा वेळी खेळाडूंचे खांदे कसे पडतात ते टीव्हीवरही दिसतं. साठाव्या मिनिटाला मधल्या रेषेच्या आसपास चेंडू मोडिसेच्या पायाशी आला. स्वीडनची गोलरक्षक हेडविग लिंडाल, मोठी नावाजलेली, आपल्या जागेवरून थोडी पुढे आलेली होती. मोडिसेने एकदा मान वर केली. फक्त एकदा. आणि तिथूनच मारला.

हा गोल बघताना मजा अशी की चेंडू पायातून सुटल्यावर काही क्षण काहीच घडत नाही. बाकीच्या बायका आपापल्या चालीने चालत असतात, कारण हा पास आहे असंच सगळ्यांना वाटतं. मग लिंडाल मागे सरकायला लागते. आधी पाठमोरी न होता, उलट्या पावलांनी, दुपारी गच्चीवर पतंग बघत मागे जाणाऱ्या मुलासारखी. मग तिला कळतं. तोवर चेंडू तिच्या डोक्यावरून उतरून जाळ्यात. मी तो तुकडा किती वेळा लावला असेल! आवाज बंद करून बघितला, मग चालू करून बघितला. घरात सगळे झोपलेले, आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पदराने तोंड दाबून हसत होते. आईची आठवण आली. ही आरोळी किती लांबीची आहे, ती म्हणाली असती, आणि स्वतःच उत्तर दिलं असतं.

तीन मिनिटांत स्वीडनने चौथा गोल केला. सामना ४-१ असा संपला. पुढे कॅनडाकडून हार, जपानशी बरोबरी, आणि घरी.

दोन वर्षांनी नामिबियात आफ्रिकन स्पर्धा झाली. अल्जीरियाला त्यांनी ५-१ हरवलं आणि त्याच सामन्यात मोडिसेची शंभरी पुरी झाली. जगाच्या इतिहासात तोवर पुरुषांमध्ये हा आकडा फक्त इराणच्या अली दाईने ओलांडला होता. रोनाल्डोला तिथे पोचायला आणखी सहा वर्षं लागायची होती. तो शंभरावर आला २०२०मध्ये, आणि योगायोग असा की तोही स्वीडनविरुद्धच. त्या दिवशी आमच्या वर्तमानपत्रातही पानभर मजकूर होता, हे मला पक्कं आठवतं, कारण भावाने ते पान कापून काचेखाली ठेवलं. विंडहुकच्या, म्हणजे नामिबियातल्या मोडिसेच्या शंभरीच्या, बातमीची दोन ओळींची चौकट तरी आली होती का, मला आठवत नाही. आली असती तरी माझी नजर तिच्यावरून घसरली असती का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

पण मला छळतो तो शंभरावा गोल नाही. त्या स्पर्धेतले पहिले तीन संघ पुढच्या वर्षी कॅनडाच्या विश्वचषकाला जाणार होते. उपांत्य सामन्यात नायजेरियाने २-१ ने अडवलं. उरला तिसऱ्या जागेचा सामना, आयव्हरी कोस्टशी. एरवी तिसऱ्या जागेच्या सामन्याला कोण विचारतं? हारलेल्या दोघांची ती उगाच घातलेली समजूत. इथे मात्र त्या एका सामन्यावर विश्वचषक टांगलेला होता, आणि एकतीस वर्षांच्या मोडिसेला ठाऊक होतं की पुढचा चार वर्षांनी. शेवटची काही मिनिटं राहिली होती. आयव्हरी कोस्टने गोल केला. १-०.

पुढच्या वर्षी तिने खेळणं थांबवलं. एकशे एक गोल, आणि विश्वचषकात एकही मिनिट नाही.

दक्षिण आफ्रिका विश्वचषकाला पोचली ती २०१९मध्ये. प्रशिक्षक होती डेझिरे एलिस, तीच, तिशीत पहिला सामना खेळलेली. तिन्ही सामने हरले. २०२२मध्ये रबातला मोरोक्कोला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर २-१ हरवून त्यांनी आफ्रिकेचं विजेतेपद पहिल्यांदा आणलं. आणि २०२३च्या विश्वचषकाला निघण्याआधी निरोपाचा सामना कुठे ठेवला, तर त्साकाने इथल्या खराब मैदानावर. पाय मोडला तर? पैशांचाही करार झालेला नव्हता. विजेत्या पोरींनी खेळायला नकार दिला. मग जमेल तो संघ उभा केला गेला, त्यात एक तेरा वर्षांची मुलगी होती. बोत्स्वानाने ५-० हरवलं. त्साकाने आणि क्वाथेमा एकाच पट्ट्यातल्या वस्त्या, हे नकाशावर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. महिन्याभराने वेलिंग्टनला इटलीविरुद्ध भरपाई वेळेत थेंबी खाट्लानाने तिसरा गोल मारला आणि संघ बाद फेरीत गेला. त्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यांत खाट्लानाच्या घरातली तीन माणसं गेली होती. सामन्यानंतर हे सांगताना ती रडत होती. त्या गर्दीत मी उगाच मोडिसेला शोधत होते. ती मैदानावर नसणार हे माहीत असून.

आठवड्याभराने मी त्या शाळेत गेले. ज्या बाईंनी मला बोलावलं होतं त्यांना छापील कागद दाखवले. त्या भल्या आहेत, त्यांनी ते शांतपणे वाचले. मग म्हणाल्या, निकाल जाहीर झाला, बक्षिसं वाटून झाली, आता दुसऱ्या मुलांना काय सांगायचं? तेही खोटं नव्हतं. 'ब' गटातल्या मुलांच्या घरी कप कपाटावर गेला असणार. मी आग्रह धरला नाही. त्या मुलीला भेटू का, एवढं विचारलं.

ती मागच्या मैदानात होती. मुरमाड जमीन, एका बाजूला दप्तरांचा ढीग, दोन दगड ठेवून केलेला गोल. मुलं निघून गेली होती, ही एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. मी म्हटलं, तुझं उत्तर बरोबर होतं, आणि शून्य मी लिहिलं, ते चुकलं. ती गोंधळली. मोठ्या बायका असं येऊन सांगत नाहीत, म्हणून असेल. पायाने चेंडू पुढे-मागे करत म्हणाली, "असू दे मॅडम. मला वाटलंच सर ऐकणार नाहीत." मग एकदम विचारलं, "तुम्ही बघितला व्हय तो गोल?" मी फोन काढला. दोघी दप्तरांच्या ढिगाशेजारी बसलो. उन्हात पडदा नीट दिसेना, तिने ओढणीची सावली धरली. लिंडाल मागे सरकू लागली तशी ती कुजबुजली, "आता बघा, आता बघा." मी बघत होते तिच्याकडे.

"मग जिंकले का ते?"

"नाही. स्वीडनने लगेच चौथा मारला."

ती काही बोलली नाही. उठली, चेंडू घेऊन मैदानाच्या मधोमध गेली, टाचेने मुरूम सारखा केला, चेंडू ठेवला आणि दोन्ही दगडांकडे एकदा बघितलं. मारला. चेंडू चांगला उंच गेला पण अर्ध्या वाटेतच उतरला आणि घरंगळत कुंपणाकडे गेला. ती आणायला धावली. परत ठेवला. दुसरा जरा पुढे पडला. "अजून पाच मारते," ती ओरडली, "मग क्लासला जायचंय." मी उठून भिंतीपाशी गेले. कोळसा कुठून असणार. विटेचा एक तुकडा होता, तो उचलून घेतला आणि उभी राहिले.